माशाला दुखतं का, डॉक्टर?

अहो डॉक्टर,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. लग्न ठरलं तेव्हासुद्धा लिहिलं नव्हतं. दर रविवारी तुम्ही आजऱ्याहून एसटी पकडून, काही ना काही निमित्त काढून आमच्या राजारामपुरीतल्या घरी हजर व्हायचात, मग पत्रात लिहायला उरायचं काय? पुढं दवाखान्यात दिवसभर समोरासमोर. तुम्ही दात बघायचात आणि मी शेजारी उभी राहून हत्यारं द्यायची. बोलायचं ते तोंडावर बोलून मोकळं व्हायची आपल्या दोघांना सवय. आता तोंड समोर नाही, म्हणून कागद घेतला.

आणि आजच का, तर पावण्यामुळं. तुमचं पावणं, टँकमधला तो गोल्डफिश, गेला आठवडाभर उलटं तरंगतंय.

पोट वर, पाठ खाली. पोटाचा जो भाग पाण्याबाहेर राहतो तिथं लाल चट्टा पडलाय. मधूनच जोर लावून सरळ व्हायला बघतं, शेपूट मारतं, अर्धं वळतं आणि पुन्हा उलटं होतं. तोंडाची उघडमीट चालूच. पाण्यात मीठ टाकून बघितलं, उपाशी ठेवून बघितलं, मटार उकडून, सोलून भरवायला गेले. तुम्ही करायचात ते सगळं करून झालं. शेवटी ज्या दुकानातून तुम्ही मासे आणायचात तिथं गेले. त्या माणसानं मोबाईलवर फोटो बघितला आणि म्हणाला, "काकी, वय झालंय त्येचं. एवढी वर्षं जगला, लई झालं की." मग तुमची चौकशी केली. तुम्ही गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मला सांगावं लागलं.

दवाखाना बंद केला तेव्हा खुर्ची गेली, एक्स-रेचं मशीन गेलं, बाकडी गेली. बाहेरच्या खोलीतला फिश टँक मात्र मी घरी आणला. तो घ्यायला निघालात तेव्हा मी किती बोलले होते तुम्हाला! दाताच्या दवाखान्यात मासे कशाला, म्हणून. तुम्ही म्हणालात, "दात काढाय आलेलं माणूस भिंतीकडं बघत बसलं की पळून जातंय. माशाकडं बघत बसलं की बसतंय." खरंच बसायचे लोक. एकेक करून बाकीचे मासे गेले आणि हा जाडा केशरी गोल्डफिश तेवढा टिकला. कुणी नवीन आलं की काचेजवळ येऊन बघायचा, म्हणून तुम्ही त्याचं नाव पावणं ठेवलंत. सकाळी शटर वर केलं की पहिला नमस्कार त्याला, "काय पावणं, जेवलासा काय?" आणि मग मला, "पेशंट किती हाईत?" मला कधी विचारलंत हो, जेवलीस का म्हणून?

असो. भांडायला हे पत्र लिहीत नाही.

परवा आपल्या अभीला व्हिडिओ कॉलवर पावणं दाखवलं. लेक कॅनडात बसून टँककडं बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात मी येतोयच ना बाबांच्या वर्षश्राद्धाला. तोवर ठेव गं त्याला. बाबांचं एवढं एकच जिवंत उरलंय."

मी म्हटलं, "अरे, त्याला त्रास होतोय रे."

"माशांना दुखत नाही, आई. त्यांच्या मेंदूत तो भागच नसतो. ते हलतात ना, ते नुसतं रिफ्लेक्स असतं."

हा शब्द मी याआधी एकदा ऐकलाय. कुठं ते तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. तेच विचारायला हे पत्र आहे, पण तिथवर यायला मला थोडा वेळ द्या.

शकूला विचारलं. आपली शकू, धुण्याभांड्याला येते ती. तिचं माहेर चंदगडचं, मासे पकडण्यात गेलेलं बालपण. ती म्हणाली, "आमच्यात पोत्यात भरून आणत्यात वैनी, चुलीपातूर उड्या मारत असत्यात. त्येंला दुखतंय का म्हणून कोण इचारतंय?" मग टँकजवळ जाऊन वाकून बघितलं, आणि पदरानं हात पुसत म्हणाली, "पर ह्यो बघतोय की हो." त्यानंतर ती त्या खोलीत झाडायला जात नाही. मीच झाडते.

मग फोनवर शोधलं. एक जण सांगतो, माशांना कळ लागते, गळ लागलेला मासा ओठ दगडाला घासतो, खाणं सोडतो. दुसरा सांगतो, ही नुसती शरीराची हालचाल, दुखणं कळायला जो मेंदू लागतो तो माशाला नाही. दोघंही शिकलेले. दोघंही ठामपणे सांगतात. मी चष्मा पुसून पुसून वाचलं आणि होते तिथंच राहिले.

हाच प्रश्न मी तुम्हाला एकदा विचारला होता. तो काळा मासा मरायला टेकला होता तेव्हा. तुम्ही काउंटरवर पसरट भांड्यात टँकमधलं पाणी घेतलंत, मासा त्यात सोडलात. आपल्याच कपाटातलं लवंगेचं तेल एका छोट्या बाटलीत पाण्याबरोबर घालून खळखळ हलवलंत. पाणी दुधासारखं झालं. ते थोडं थोडं भांड्यात ओतत उभे राहिलात. आधी झोपू द्यायचं, मग आणखी ओतायचं. बाहेर पेशंट खोळंबलेले आणि डॉक्टर माशाला निजवतायत! त्या दिवशी डब्यात मी तळलेली सुरमई दिली होती. कोल्हापुरात राहून मटणापेक्षा मासा आवडणारे तुम्ही एकटेच असाल. मला राहवेना. म्हटलं, एका माशाला रवा लावून तळायचं आणि दुसऱ्याला लवंगेचं तेल, हा कुठला न्याय?

तुम्ही म्हणालात, "डब्यातला माझ्यासमोर न्हाय मेला. ह्यो मरतोय की."

"पण माशाला दुखतं का हो, डॉक्टर?"

"मला काय म्हाईत? रोज माणसांच्या तोंडात हात घालतोय, तरी त्येंचं किती दुखतंय त्ये मला कळत न्हाय. हात वर आला की थांबायचं, एवढंच कळतंय."

तुमचा तो नियम राजारामपुरीतल्या किती लोकांना पाठ असेल! खुर्चीत बसवलं की पहिलं वाक्य तेच. तोंडात सगळी हत्यारं, बोलता येणार नाही, तेव्हा दुखलं की डावा हात वर करा, मी थांबतो. डावा अशासाठी, की उजवीकडं तुम्ही. हात वर आला आणि तुम्ही थांबला नाहीत असं एकदाही झालं नाही. काही पेशंट उगीचच हात वर करायचे, मशीन सुरू व्हायच्या आधी. तरी तुम्ही थांबायचात. मी वैतागायचे. तुम्ही म्हणायचात, त्याला दुखतंय म्हणजे दुखतंय, आपण कोण ठरवणार.

आणि तुमचं लक्ष दातात असायचं, म्हणून हाताकडं बघायचं काम माझं होतं. मी खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी. हात उचलला गेला की मी म्हणायचं, "डॉक्टर, हात." दिवसातून कितीदा म्हणत असेन. नोकरी म्हणा, संसार म्हणा, माझं आयुष्यभराचं काम ते एवढंच.

आता आले मी तिथवर.

तुम्ही बाथरूममध्ये पडलात, मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा हलत होता. मग छाती भरली आणि घशात नळी घालून तुम्हाला मशीनवर ठेवलं. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की यातून उठणं नाही, किती ताणायचं ते घरच्यांनी बघावं. अभी निघाला होता. मधल्या विमानतळावर बर्फानं सगळी विमानं थांबली, तिथं अडकला. तुमचा भाऊ, बहिणी, शेजारीपाजारी, सगळ्यांचं एकच म्हणणं. लेकाच्या हातचं पाणी तोंडात पडल्याशिवाय माणसाला जाऊ द्यायचं नाही. एवढा एकुलता एक, सातासमुद्रापलीकडून येतोय, त्याला बापाचं तोंड जिवंत दिसायला नको? नको कसं? माझंही तेच म्हणणं होतं. कुणी माझ्यावर लादलं, असं लिहिलं तर खोटं होईल.

मी आत आले तेव्हा सिस्टर घशातला कफ ओढून घेत होत्या. त्यांनी बारीक नळी आत सरकवली आणि तुमचा डावा हात वर आला. कोपरातून सरळ, तळवा उघडा. आपल्या खुर्चीतले पेशंट करायचे तसाच. सिस्टरांनी नळी काढली, हात खाली गेला. पुन्हा घातली, पुन्हा वर.

मी डाव्या बाजूलाच उभी होते.

माझ्या ओठावर आलं होतं. "डॉक्टर, हात." पण तिथं डॉक्टर म्हणून दुसराच तरुण मुलगा उभा होता, आणि मी त्याला नुसतं विचारलं, "यांना कळतंय का?" तो चांगला मुलगा होता, मला धीर द्यायला म्हणाला, "नाही काकू, रिफ्लेक्स असतं ते. त्यांना काही जाणवत नाही." मला तेच ऐकायचं होतं. मी लगेच विश्वास ठेवला. एरवी मी कुणावर इतक्या लगेच विश्वास ठेवते का हो?

तो गेल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, "काकी, झोपेचं औषध वाढवलं तर शांत पडतील. पर वाढवलं की बीपी खाली येतंय बघा, मग सांगता येत न्हाय. मुलगा कधी पोचणार?"

मी म्हटलं, "उद्यापर्यंत येईल."

"मग काय करूया?"

"आहे तेवढंच राहू द्या," मी म्हणाले.

संध्याकाळी तुम्ही त्याच हातानं नळी ओढायला गेलात. सिस्टरांनी विचारलं, बांधू का? मी हो म्हटलं. त्यांनी मऊ पट्टीनं तो हात कॉटच्या दांडीला बांधला. मी पट्टीच्या आत बोट घालून बघितलं, फार घट्ट तर नाही ना म्हणून. काय काळजी माझी! त्यानंतर कफ काढताना तुमची बोटं तेवढी उघडायची. मी बाहेर जाऊन बसायला लागले.

अभी आला. नळीच्या बाजूनं चमच्यानं तुमचे ओठ ओले केले. थोड्या वेळानं तुम्ही गेलात. मग सगळे म्हणाले, बघा, पोरात जीव अडकला होता, त्याच्यासाठी थांबले होते. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर नैवेद्य ठेवला आणि कावळा लगेच शिवला. तुमची बहीण रडत म्हणाली, "दादाची इच्छा पुरी झाली, काय मागं ऱ्हायलं न्हाय." कावळ्याला काय ठाऊक होतं, सांगा बघू? मी मान हलवली. सगळ्यांपुढं मान हलवत राहिले, तेराव्यापर्यंत.

मला तुमचा रागही येतो. इतक्या लोकांच्या दाढांची काळजी केलीत, स्वतःबद्दल एक वाक्य बोलून ठेवायला काय झालं होतं? मला मशीनवर ठेवू नकोस, ताणू नकोस, एकदा जरी म्हणाला असतात तरी मी सगळ्यांशी भांडले असते. असं मी स्वतःला खूपदा सांगून बघते. मग आठवतं की तुम्ही म्हणाला होतात. तोंडात नळी असताना माणूस जसं म्हणू शकतो तसं म्हणाला होतात, आणि तिथं ते कळणारी मी एकटीच होते.

कुणी म्हणेल, खरंच रिफ्लेक्स असेल. असेलही. मी डॉक्टर नाही. तुम्हाला कळत होतं की नव्हतं हे मला मरेपर्यंत समजणार नाही, जसं पावण्याचं समजत नाही. पण न समजल्यावर तुम्ही काय करायचात ते मला पक्कं ठाऊक होतं. तुम्हाला मारायला हवं होतं असं मी म्हणत नाही. औषध वाढवा, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही एखादा दिवस आधी गेला असतात. अभीला तुमचं तोंड जिवंत दिसलं नसतं. तो रडला असता, माझ्यावर रुसला असता. तुमच्या त्या एका दिवसापुढं मला त्याचं रुसणं जड वाटलं, डॉक्टर. हे माझं पाप. दुसऱ्या कुणाचं नाही.

हे सगळं पोटात ठेवून मी म्हातारी झाले असते. पण परत जायला निघाला तेव्हा अभी दारात मला मिठी मारून म्हणाला, "बाबा माझ्यासाठी थांबले. तूही थांबशील ना गं, आई?" किती प्रेमानं म्हणाला! मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "थांबेन की."

काय बोलून बसले मी? त्याच्या डोक्यात आता पक्कं बसलंय की आपली माणसं आपल्यासाठी थांबतात. उद्या माझ्यावर वेळ आली तर हा तिकडून फोन करून सांगेल, मी येईपर्यंत ठेवा. जीव लावून सांगेल. आणि इथं कुणीतरी म्हणेल, आहे तेवढंच राहू द्या. मला भीती वाटते, अहो. तुम्ही कसे पडून होतात ते बघितल्यापासून मला मरणाची नाही, त्या थांबण्याची भीती वाटते.

आणि आता तो पावण्यालाही थांबवायला सांगतोय. महिनाभर! परवा त्यानं सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हटलं. पुन्हा तेच "बरं"! फोन ठेवला आणि टँकसमोर खुर्ची घेऊन बसले. पावणं सरळ व्हायला धडपडत होतं. मी बघत राहिले आणि माझीच मला किळस आली.

तेव्हा आता ऐका. दवाखान्यातली लवंगेच्या तेलाची बाटली मी कपाटातून काढून ठेवलीय. पसरट भांडं घासून ठेवलंय. माझे हात तुमच्यासारखे स्थिर नाहीत, पण थोडं थोडं ओतायचं हे लक्षात आहे. पावणं झोपेपर्यंत घाई करणार नाही. माशासाठी एवढं केलंस आणि नवऱ्यासाठी काहीच नाही, असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. खरंच आहे ते. माशाला दुखतं की नाही यावर शिकल्यासवरल्यांनी खुशाल वाद घालावा, मी निकालाची वाट बघणार नाही.

हे पत्र संपवलं की उठते. शकू यायच्या आत उरकायचंय, तिला बघवणार नाही.

पुढचं वचन तुम्हाला देते, कारण दुसऱ्या कुणाला दिलं तर मी त्यातून पळवाट काढेन. संध्याकाळी अभीला फोन करून सांगणार, पावणं गेलं, मी घालवलं, तुझ्यासाठी ठेवलं नाही. तो चिडेल, चिडू दे. वर्षश्राद्धाला आला की जेवणं झाल्यावर, आलेली माणसं गेल्यावर त्याला समोर बसवणार. सांगणार की बाबा थांबले नव्हते रे, मी थांबवलं होतं. तू फक्त येत होतास, तुझा त्यात काही दोष नाही. आणि माझ्या वेळी कुणाची वाट बघायची नाही, तुझीसुद्धा नाही.

मग तो विचारेल. लहानपणापासून त्याला ओळखते, तो हेच विचारेल, "पण बाबांना दुखत तर नव्हतं ना, आई?" वर्षभरात फोनवर चार वेळा विचारून झालंय त्याचं, आणि चारही वेळा मी म्हटलंय, नाही रे, त्यांना काही कळत नव्हतं.

आता तसं म्हणणार नाही. दुखत होतं, असं म्हणेन. आणि मला ते दिसलं होतं, असंही म्हणेन.

तुमची,
सुनंदा